जुन्या पिकअपवर ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर: कोड वाचण्यापलीकडे

गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये बसून तिच्या संगणकातले दोषांचे कोड आणि आकडे (ओबीडी-२ पद्धतीने) मोबाइलवर ब्लूटूथने दाखवणारे, आगपेटीएवढे हे अडॅप्टर मी एका जुन्या, व्ही-६ पेट्रोल इंजिनाच्या पिकअपवर वापरत आहे. नव्या गाडीवर जवळजवळ कोणतेही अडॅप्टर चालून जाते. त्याचा खरा कस जुन्या गाडीवर लागतो, म्हणून हा अभिप्राय त्याच अंगाने लिहिला आहे.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना ओबीडी-२ सक्तीचे झाले, परंतु गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी सर्वांनी कॅन हीच संदेशपद्धत वापरावी हे बंधन २००८ च्या मॉडेलपासून आले. त्याआधी फोर्ड आणि जनरल मोटर्स जे१८५० या संदेशपद्धतीचे दोन वेगवेगळे प्रकार वापरत, तर बऱ्याच आशियाई व युरोपीय गाड्यांत आयएसओ ९१४१-२ ही पद्धत असे. खोक्यावर 'सर्व गाड्यांसाठी' असे छापलेले असले, तरी स्वस्तातल्या नकली चिपमध्ये यांपैकी एखादी पद्धत गाळलेली असू शकते. आधी घेतलेले एक अडॅप्टर याच कारणाने परत करावे लागले: त्याचा दिवा लागे, फोनशी जोडणी होई, पण गाडीकडून उत्तर म्हणून येत नसे. दिवा लागण्यात विशेष काही नाही, कारण सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा करंट कायम असतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर अडॅप्टर काढून ठेवावे, हेही त्याच कारणाने.

सध्याच्या अडॅप्टरने ही परीक्षा पार केली आणि चेक इंजिनच्या दिव्यामागचे दोन कोड दाखवले: पी०१७१ आणि पी०१७४, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मिक्श्चर लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. इथे पुष्कळ जण ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) विकत आणतात. वास्तविक दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच वेळी खराब होण्यापेक्षा दोहोंना सामाईक असलेल्या भागात दोष असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. कोड फक्त तक्रार नोंदवतो, सुटा भाग दाखवत नाही.

या उपकरणाचे मोल खरे तर चालू इंजिनाचे आकडे दाखवण्यात आहे. त्यातला सर्वांत उपयोगी आकडा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो वा घटवतो त्याचा. साधारणपणे तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे दहाच्या आत असावा. आयडलिंगला हा आकडा अधिक २२ होता, आणि अ‍ॅक्सिलरेटर देऊन इंजिन २५०० आरपीएमवर धरताच अधिक ६ वर आला. एमएएफ सेन्सरला (आत येणारी हवा मोजणाऱ्या) चुकवून आत शिरणारी हवा आयडलिंगला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते आणि थ्रॉटल उघडला की तिचे प्रमाण नगण्य होते, त्यामुळे हा उतार व्हॅक्यूम गळतीकडेच बोट दाखवतो. फ्युएल पंप किंवा फिल्टर कमजोर असता, तर लोड वाढल्यावर आकडा उलट चढला असता. पीसीव्हीच्या (क्रँककेसमधले वायू पुन्हा इंजिनात नेणाऱ्या) रबरी नळीच्या कोपरावर, खालच्या अंगाला, टॉर्चशिवाय न दिसणारी भेग होती. तिच्यावर बोट दाबून धरताच शॉर्ट टर्म ट्रिम (क्षणाक्षणाला बदलणारा फ्युएल ट्रिम) स्क्रीनवर डोळ्यांदेखत घसरला. नळी बदलण्याइतकेच काम निघाले.

वेगाबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. जे१८५० च्या एका प्रकाराचा वेग सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट आहे, त्यामुळे स्क्रीनवर दहा-बारा मीटर मांडले की सगळेच अडखळू लागतात. तीन-चार निवडक आकडे ठेवल्यास काम नीट होते.

सोबत सुचवलेल्या अ‍ॅपबद्दल माझे मत तितकेसे चांगले नाही. कोड पुसण्याचे बटण पहिल्याच पानावर ठळक दिले आहे, पण त्यासोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड नोंदला गेला त्या क्षणाचे तापमान, आरपीएम, लोड इत्यादी तपशीलही पुसला जातो, याची सूचना कुठेच नाही. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे प्रदूषण-यंत्रणेच्या स्वयं-तपासण्या पूर्ण झाल्याच्या नोंदीही कोऱ्या होतात आणि गाडी काही काळ निरनिराळ्या वेगांनी चालवल्याशिवाय त्या पुन्हा पूर्ण होत नाहीत. प्रदूषण चाचणीच्या आदल्या दिवशी कोड पुसणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. पी१ ने सुरू होणारे कोड प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात. त्यांचा अ‍ॅपमधला अर्थ आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड या जोडीला वाचता येत नाहीत.

चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे) एक्झॉस्ट शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा करण्याइतका गंभीर असतो; अशा वेळी अ‍ॅप उघडून गाडी चालवत आकडे पाहत बसू नये, गाडी थांबवावी. केवळ कोड वाचायचा आणि पुसायचा असेल, त्यांना तारेचा, स्वतःचा स्क्रीन असलेला साधा रीडर पुरेसा आहे. आकडे पाहून दोष शोधायची तयारी असलेल्यांनी हे अडॅप्टर जरूर घ्यावे, मात्र आपल्या गाडीची संदेशपद्धत त्यात आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारूनच.