टनावर वाफ: बायोमास बॉयलरच्या सेवेचं परीक्षण

गॅसवरचा बॉयलर बंद करायचाय, पण भुसा-ब्रिकेटच्या (भुसा, काडीकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्यांच्या) भानगडीत स्वतः पडायचं नाही, अशा कारखान्यांसाठी ही सेवा आहे. कंपनी तुमच्या आवारात आपल्या पैशाने बायोमास बॉयलर बसवते, इंधन आणते, परवानाधारक अटेंडंट ठेवते, राख उचलते. तुम्ही मीटरवर आलेल्या वाफेचे टनामागे पैसे मोजता. पुण्याच्या थरमॅक्सची यासाठी वेगळी उपकंपनीच आहे. लहान खेळाडूही बरेच. हे परीक्षण कुणा एकाचं नाही, या सेवेचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: तीन पाळ्या चालतात आणि तासाला दोन-तीन टन वाफ सलग लागते, तर जरूर घ्या. एका पाळीत बॅच काढणाऱ्यांनी गॅसवरच राहावं.

हिशेब असा. 10 बार दाबाची एक टन वाफ, फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) 80 अंशांवर. गॅस लागतो सुमारे 75 घनमीटर. किलोला 3,800 किलोकॅलरीचं ब्रिकेट, 75 टक्के कार्यक्षमतेने, सुमारे 205 किलो. समजा गॅस घनमीटरला 60 रुपयांनी आणि ब्रिकेट किलोला 8 रुपयांनी पडतंय. म्हणजे नुसत्या इंधनाचे 4,500 विरुद्ध 1,640. या फरकातच कंपनीचं भांडवल, मजुरी, नफा आणि तुमची बचत बसवायची असते. आयडी-एफडी फॅनची (भट्टीत हवा ढकलणाऱ्या आणि धूर ओढणाऱ्या पंख्यांची) वीज आणि सॉफ्ट (क्षार काढलेलं) पाणी बहुतेक करारांत तुमच्याच माथी येतं. ते मिळवल्याशिवाय दराची तुलना करू नका.

खरी गंमत मीटरमध्ये आहे. बहुतेक ठिकाणी व्हॉर्टेक्स मीटर असतो आणि तो मुळात घनफळ मोजतो, वजन नाही. 10 बारला वाफेची घनता घनमीटरला साधारण 5.6 किलो, 7 बारला 4.2. आता डेअरीत पाश्चरायझर चालू असताना सीआयपी (यंत्रं न उघडता आतून धुणं) सुरू झालं की दाब 10 वरून 7 वर सहज येतो. मीटरला दाबाचा ट्रान्समीटर जोडलेला नसेल आणि आत 10 बारची घनता कायमची भरून ठेवली असेल, तर तेवढा वेळ बिल एक तृतीयांश फुगतं. दुसरं म्हणजे ओली वाफ. लोड अचानक वाढलं किंवा बॉयलरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 3,500 पीपीएमच्या पुढे गेला की पाणी वाफेबरोबर ओढलं जातं, आणि तुम्ही वाफेच्या भावात गरम पाणी घेता. म्हणून मीटरच्या आधी वाफेतलं पाणी वेगळं करणारा मॉइश्चर सेपरेटर हवाच, पुढेमागे पुरेसा सरळ पाइपही हवा. शिवाय फीड वॉटरला स्वतःचा मीटर लावा. आत गेलेल्या पाण्यातून ब्लोडाउन (बॉयलरमधून सोडून दिलेलं क्षारयुक्त पाणी) वजा केलं की उरते ती वाफ. बिल त्याहून जास्त आलं तर वाद घालायची गरज नाही, मीटरचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) मागा.

इंधनाच्या कलमात दुसरी मेख. वाफेचा दर ब्रिकेटच्या भावाशी बांधलेला असतो, ते रास्तच आहे. पण टनाला किती किलो इंधन, हा आकडा करारात गोठवून घ्या. प्रत्यक्ष खपाप्रमाणे आकारणी मान्य केलीत की ओल्या मालाचा भुर्दंड तुमच्यावर. प्रयोगशाळेच्या कागदावर 4,000 किलोकॅलरी दिसतात, त्या हवेत सुकवलेल्या, 6 टक्के ओलीच्या नमुन्याच्या. गाडीतून उतरलेल्या मालात 14 टक्के ओल असेल तर तेच 3,660 होतात. पावसाळ्यात ही ओल हमखास वाढते.

माल कशाचा, हेही विचारा. लाकडाचा भुसा आणि भुईमुगाची टरफलं चांगली जळतात. भाताच्या तुसात राखच 15 ते 20 टक्के. कापसाची पऱ्हाटी आणि सोयाबीनचं कुटार विदर्भ-मराठवाड्यात मुबलक आहे, पण त्यातल्या पोटॅशमुळे राख लवकर वितळते, जाळीवर क्लिंकरची ढेपळं धरतात आणि ती फोडायला बॉयलर थंड करावा लागतो. मिश्रण करून भागतं. निव्वळ कुटारावर नाही.

त्यामुळे जुना गॅस बॉयलर भंगारात काढू नका. बायोमास बॉयलर थंडावस्थेतून दाबावर यायला दोन-तीन तास घेतो, गॅसवाला त्याहून खूप लवकर येतो. मात्र गॅस कंपनीच्या करारातलं किमान उचलीचं (गॅस वापरला नाही तरी ठरलेले पैसे मोजायचं) कलम आधी कमी करून घ्या. नाहीतर तिकडेही किमान आणि इकडेही किमान, असे दुहेरी पैसे जातात. वाफेच्या करारातली किमान उचल महिन्यावर हिशेबली जावी, दिवसावर नव्हे, आणि वार्षिक शटडाउन त्यातून वगळलेलं असावं.

जागा लोक कमी धरतात. तासाला तीन टनांना दिवसाला 15 टन ब्रिकेट लागतं, म्हणजे रोज एक ट्रक आत, आणि 15 दिवसांच्या साठ्याला रस्त्यासकट सुमारे 250 चौरस मीटर झाकलेली शेड. आगीसाठी हायड्रंट शेडजवळ हवा. राख दिवसाला टनाच्या आसपास; वीटभट्टीवाले नेतात. धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या आधी ठिणग्या आणि जाड राख पकडणारा सायक्लोन नसेल तर ठिणग्यांनी पिशव्या जळतात. इंधन बदलामुळे प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र सुधारून घ्यावं लागतं. तो अर्ज कुणी करायचा, हे लिहून ठेवा.

कार्बनच्या ताळेबंदात गॅसचा स्कोप 1 (स्वतःच्या इंधनाचं थेट उत्सर्जन) जातो आणि विकत घेतलेली वाफ स्कोप 2 (विकत घेतलेल्या ऊर्जेचं उत्सर्जन) मध्ये येते; बायोमासचा कार्बन डायऑक्साइड वेगळा दाखवतात. ग्राहक पुरावा मागतात, तेव्हा प्रत्येक ट्रकमागे माल कुठल्या तालुक्यातून, कशापासून, याची पावती घ्या. झाडं तोडून केलेलं ब्रिकेट यात धरू नये.

करार साधारण दीर्घ मुदतीचे असतात. मध्येच बाहेर पडायचं झालं तर बॉयलर किती रुपयांना तुमच्या गळ्यात पडेल, याचा वर्षवार तक्ता सहीच्या आधी परिशिष्टात लावून घ्या.