पीएसव्ही आइंटहोवनचं सीझन कार्ड: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव (२०२४-२५)

ऑगस्ट ते मे असे पूर्ण नऊ महिने झाले, म्हणून आता सविस्तर लिहितोय. आमच्या आइंटहोवनमध्ये (नेदरलँड्स) आपली मराठी मंडळी बरीच आहेत, बहुतेक चिप आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांवर आलेली, आणि दर गणपतीत कुणीतरी विचारतंच की पीएसव्ही या इथल्या फुटबॉल क्लबचं सीझन कार्ड, म्हणजे सीझनभर घरच्या लीग मॅचना आपली ठरलेली जागा, घेण्यासारखं आहे का. त्यांच्यासाठी हे.

मी घेतलं तेव्हा अपेक्षा खूप होत्या कारण आदल्या सीझनला याच टीमनं पीटर बॉस कोच असताना डच लीगच्या पहिल्या १७ मॅच सलग जिंकल्या होत्या आणि टायटल घेतलं होतं. मला वाटलं यंदा निवांत बसायचं, गोल मोजायचे, घरी यायचं. गोल मिळाले, लीगमध्ये शंभरच्या वर मिळाले, पण निवांतपणा एक दिवस मिळाला नाही.

आधी माझी चूक सांगतो कारण पुढचा सगळा सीझन मी तिच्यामुळे वेगळ्या नजरेनं बघितला. २७ नोव्हेंबर, चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या मोठ्या क्लबांची स्पर्धा), समोर युक्रेनचा शाख्तार (युरोपच्या मॅचचं तिकीट वेगळं काढलं होतं). आपण ०-२ मागे, थंडी मरणाची, सकाळी लवकर ऑफिस, म्हणून पाच-सहा मिनिटं राहिलेली असताना मी उठलो. शेजारचे आजोबा कित्येक वर्षं त्याच खुर्चीवर बसतात, त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. सायकलचं कुलूप काढतोय तर आतून आवाज, आपल्या टिलमनचा गोल. फिलिप्स स्टेडियम गावातच आहे त्यामुळे गर्जना लांबपर्यंत येते, थोडा पुढे गेलो तर दुसरी, परत टिलमन, २-२. मी रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभाच राहिलो, परत आत जाता येत नाही, आणि मग ९५व्या मिनिटाला तिसरी गर्जना, पेपी, ३-२. मला आजही त्या तीन आवाजांचं वाईट वाटतं. पैसे भरून, हक्काची जागा असून मी ते भिंतीबाहेरून ऐकलं. त्या रात्री ठरवलं, शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही.

युरोपबद्दल एकंदर सांगायचं तर नव्या फॉरमॅटमध्ये ८ मॅच, १४ पॉइंट, १४वा नंबर. जानेवारीत लिव्हरपूलला ३-२ हरवलं, त्यांनी बरेच मोठे खेळाडू बसवले होते हे खरं आहे, पण त्याच मॅचमध्ये पेपीचा गुडघा गेला आणि त्याचा सीझन संपला, त्याची किंमत आपण पुढे कित्येक आठवडे मोजली असं माझं मत. नंतर युव्हेंटस. ट्युरिनमध्ये २-१ हरून आलो होतो, इथं पेरिसिच, साइबारी आणि एक्स्ट्रा टाइममध्ये फ्लामिंगो, ३-१, दोन मॅचची बेरीज ४-३, म्हणून पुढे गेलो. फ्लामिंगो म्हणजे डिफेंडर, त्यानं गोल मारल्यावर ते आजोबा माझ्या गळ्यात पडले. मला वर्षातली सगळ्यात आवडलेली घरची मॅच हीच.

आणि मग ४ मार्च. आर्सेनल १-७. आमच्याच घरी. चॅम्पियन्स लीगच्या नॉकआउटमध्ये बाहेरच्या मैदानावर ७ गोल त्याआधी कुणी मारले नव्हते. मध्यंतरानंतर लोक जायला लागले, माझ्या रांगेत निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पण मी ठरवल्याप्रमाणे बसून राहिलो आणि सातवा गोल पण बघितला. लंडनमध्ये नंतर २-२ केलं, पण तोवर हिशेब संपला होता. मला वाटतं युरोपात आपण किती उंच आहोत ते त्या रात्री कळलं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. या गावाच्या क्लबनं १९८८ ला युरोपियन कप जिंकलाय, पण आताच्या पैशाच्या खेळात तिथपर्यंत पोचणं फार अवघड आहे.

डच कपबद्दल थोडक्यात, सेमीफायनलला घरी गो अहेड ईगल्सकडून १-२ हरलो. डेव्हेंटरचा छोटा क्लब, त्यांनी पुढे फायनल पण जिंकली, पहिल्यांदाच. राग होता तो त्या दिवशी गेला.

पण खरा सीझन म्हणजे लीग. ३० मार्चला आयाक्स, अॅमस्टरडॅमचा क्लब, इथं येऊन ०-२ मारून गेलं आणि नंतर ५ मॅच उरलेल्या असताना ते ९ पॉइंट पुढे होते. ऑफिसमधले डच लोक पण म्हणाले संपलं. मला शाख्तार आठवत होतं. आयाक्स उत्रेख्तमध्ये ०-४ हरलं, मग स्पार्टाबरोबर ड्रॉ, आणि आपण जिंकतोय, गुपचूप जिंकतोय. ११ मे, रॉटरडॅममध्ये फेयेनूर्ड, सुरुवातीलाच ०-२ मागे, टीव्हीसमोर बसलेलो, बायको म्हणाली बंद कर आता, तुला त्रास होतो, मी म्हटलं नाही, आणि ९९व्या मिनिटाला, हो ९९व्या, नोआ लांगनं ३-२ केलं. त्याच दिवशी आयाक्स घरी एनईसीकडून ०-३ हरलं.

१४ मेला दोन्ही मॅच एकाच वेळी. आपण हेराक्लेसला ४-१ मारलं पण स्टेडियममधला प्रत्येक माणूस मोबाईलमध्ये ग्रोनिंगन-आयाक्स बघत होता. आयाक्स २-१ पुढे. तिथं पण ९९वं मिनिट, ग्रोनिंगनचा गोल, २-२. हजारो लोक एकाच क्षणी ओरडले आणि ज्यासाठी ओरडले ते समोरच्या मैदानावर नव्हतंच, सगळं काही दोनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला घडत होतं. आम्ही टेबलमध्ये एक पॉइंटनं वर.

१८ मेची स्पार्टाची मॅच घरी बघितली, साताऱ्याहून बाबा व्हिडिओ कॉलवर. त्यांना ऑफसाइड कळत नाही, पण आर्सेनलची मॅच सोडून सगळे स्कोअर त्यांना पाठ, ती मी सांगितलीच नव्हती. पेरिसिच, लुक डी यॉंग, टिलमन, ३-१. आयाक्स पण जिंकलं, पण ७९ विरुद्ध ७८. सव्विसावं टायटल. फारिओली, आयाक्सचा तेव्हाचा कोच, मॅचनंतर रडला आणि मला खरंच त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

तर घ्यावं का? रोज जिंकणारी टीम पाहिजे असेल तर नका घेऊ. हिवाळ्यात पाय गोठतात, बोचरा वारा कपड्यांतून आत येतो, आणि डिसेंबर ते मार्च टीम असं काही खेळते की वाटतं पैसे वाया गेले. पण मला विचाराल तर घ्या.

लुक डी यॉंगनं २०२५ च्या उन्हाळ्यात क्लब सोडला. पुढच्या सीझनला त्याचा ९ नंबर कुणाच्या पाठीवर असेल ते तेव्हा माहीत नव्हतं. कार्ड मात्र रिन्यू केलं, जागा तीच, आजोबांच्या शेजारची.