लेख मागितला घराबद्दल, माहिती हवी होती वारसांची

गोव्यातल्या जुन्या घरांवर, वास्तुरचनेवर, सजावटीवर फ्रीलान्स लिहायला लागलेल्या सगळ्यांसाठी, एका बनावट संपादक बाईने मला कसं फसवलं, ते लिहितेय. आणि विश्वासाने आपलं दार उघडणाऱ्या घरवाल्यांसाठीही.

लोटली, चांदरच्या मोठ्या घरांवर पुष्कळ लिहून झालंय. फोंडा, डिचोली, सत्तरीकडची राजांगणाची, म्हणजे मधल्या मोकळ्या अंगणाची घरं त्या मानाने मागे राहिली. मधोमध तुळस, चारी बाजूंनी वसरी, चिऱ्याच्या जाड भिंती, बाळंतिणीची वेगळी खोली, भर उन्हात आत गेलं की अंगाला लागणारा गारवा. अशा घरांवर मी मराठीत लिहायचे, फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे. तिथेच मला मेसेज आला. एक बाई, घरांविषयीच्या इंग्रजी मासिकाची संपादक म्हणून ओळख दिलेली. बोलणं गोड, दर उत्तम. ‘आधी एक चाचणी लेख द्या, मग नियमित काम देऊ.’

तिने मागितलेल्या गोष्टी नीट वाचा, कारण हीच यादी थोड्याफार फरकाने दुसऱ्या कुणालाही येऊ शकते. पूर्ण लेख. मूळ आकारातले फोटो, प्रत्येक खोलीचे. मोजमापासह घराचा नकाशा. मालकांचा फोन नंबर, ‘माहिती पडताळायला’. मग हळूच पुढचं: सर्व्हे नंबर काय, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारासारखा जमिनीचा उतारा) कुणाची नावं आहेत, भावंडं किती, त्यातलं कोण परदेशात.

खरं मासिकही पडताळणीसाठी घरवाल्यांना फोन करतं, नाही असं नाही. पण ते काम ठरल्यानंतर. आधी संपादक बघतो तो प्रस्ताव: घर कुठलं, त्यात नवीन काय सांगण्यासारखं, फोटो कोण काढणार. चार-पाच ओळींत होतं. आणि राजांगणावरच्या लेखाला वारसांची यादी कधीच लागत नाही.

मी उताऱ्याचं काही दिलं नाही. लेख, फोटो आणि त्या घराच्या मालकीण काकींचा नंबर मात्र गेला होता. मग ‘लेख निवडला’ असं कळलं आणि पाठोपाठ मागणी: मानधन सोडण्यासाठी दहा टक्के कर आगाऊ भरा. इथे तिचं खोटं उघडं पडलं. टीडीएस, म्हणजे मुळातच कापला जाणारा कर, पैसे देणारा तुमच्या मानधनातून कापतो आणि सरकारकडे भरतो, तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो. लेखकाने समोरच्याच्या खात्यात कर पाठवायचा, अशी पद्धत कुठेच नाही. मी नकार दिला, ती गायब झाली.

मग काकींचा फोन आला. ‘बाय, तुज्या मासिकाच्या मनशाचो फोन आयिल्लो. घर विकतात काय म्हूण विचारता.’ एक नाही, वेगवेगळे एजंट. कुणाला काकींचे मुंबईचे पुतणे हवे होते, कुणी म्हणे वारसांच्या सह्या आम्ही गोळा करतो. थोड्याच दिवसांत व्हिलांच्या एका जाहिरातीत काकींची तुळस दिसली, खाली माझ्याच लेखातले परिच्छेद.

मानधन बुडालं त्याचं मला एवढं काही वाटत नाही. काकींनी मला जेवायला वाढून, देवखोलीसुद्धा दाखवून त्या घराची हकीकत सांगितली होती, आणि तिचा वापर त्यांना घराबाहेर काढायला व्हावा, याचा संताप अजून जात नाही. इथल्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी दोघांचा हक्क असतो, म्हणून जुन्या घरांना वारस पुष्कळ आणि विखुरलेले. नेमक्या अशा मालमत्तांवर डोळा ठेवला जातो. खोट्या कागदांवर जमिनी हडपल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. म्हणून वारसांबद्दलची चौकशी मी साधी मानत नाही.

जाहिरात उतरवता आली ती कॉपीराइटमुळे. १९५७ च्या कायद्यानुसार स्वतंत्र लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, नुसता मेलने लेख पाठवल्याने तो जात नाही. फोटोंचं जपून: पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसेल, तर काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. माझ्या फोटोंचे कुणी पैसे दिले नव्हते, मूळ फाइली माझ्याकडे होत्या. त्या जोडून जाहिरात जिथे होती तिथे तक्रार केली आणि मजकूर निघाला. एजंटांचे फोन मात्र अजूनही अधूनमधून येतात.

आता मी आधी मासिकाचं नाव प्रेस रजिस्ट्रारच्या (नियतकालिकांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) यादीत शोधते, छापील अंकातल्या कार्यालयाच्या नंबरवर स्वतः फोन लावते. प्रस्तावासोबत लहान आकाराचे, नाव घातलेले दोन-तीन फोटो, बस. गावाचं नाव नाही, तालुका पुरे. करारात दर, मुदत, कुठे छापणार आणि लेख नाकारला तर काय, हे सगळं हवं. घरवाल्यांचा नंबर त्यांना विचारल्याशिवाय कुणालाही नाही, आणि पडताळणीच्या फोनवर मी स्वतः हजर असते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती काम घेण्याआधीच करून ठेवा. मग खऱ्या ग्राहकाने पैसे थकवले तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली दाद मागता येते.

असा मेसेज आला असेल तर चॅट पुसू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नसतील तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि ज्यांच्या घरावर लिहिलंत त्यांना त्याच दिवशी सांगा, म्हणजे एजंटच्या हाती एकही कागद, एकही सही पडणार नाही.