७ युरो ९० ची काओर: बारा बाटल्या, चार वर्षं

सप्टेंबर २०२० मध्ये इथे फ्रान्समध्ये तुलूझला सुपरमार्केटच्या वाइनमेळ्यातून काओर या लाल वाइनची पेटी उचलली. २०१८ सालची वाइन, बारा बाटल्या, प्रत्येकी ७.९० युरो. तेव्हाच्या दराने बाटली सातशे रुपयांच्या आतच पडली. शेवटची बाटली २०२४ च्या नोव्हेंबरात संपली, म्हणून आता सविस्तर लिहिते.

काओर हे गाव तुलूझच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, लॉत नदीच्या वळणात वसलंय. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये किमान ७० टक्के मालबेक जातीचं द्राक्ष लागतं, उरलेल्यात मेर्लो आणि ताना या जाती. माझ्या बाटलीमागच्या चिठ्ठीवर ८५ टक्के मालबेक आणि बाकी मेर्लो असं होतं. अर्जेंटिनाच्या मऊ, रसाळ मालबेकची सवय असेल तर आधीच सांगते, द्राक्ष तेच पण स्वभाव वेगळा.

पहिली बाटली आठवड्याभरातच फोडली. रंग शाईसारखा, ग्लास तिरका केला तरी काठापर्यंत जांभळाच. पहिल्याच घोटाला कच्चं जांभूळ चावल्यासारखे गाल आवळले. नवऱ्याने आरशात जीभ काढून बघितली, तीही जांभळी. वैतागून उरलेल्या अर्ध्या बाटलीला बूच लावलं आणि ती ओट्यावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच वाइन बरीच माणसाळली होती. तेव्हापासून तरुण काओर जेवणाआधी तीनेक तास जगमध्ये ओतून ठेवते. महागडं डिकँटर लागत नाही, आमचा सरबताचा काचेचा जग पुरतो.

दुसरी बाटली झणझणीत मटणासोबत उघडली, ती मात्र शुद्ध चूक. तिखट, तुरटपणा आणि अल्कोहोल एकमेकांना असे चिथावतात की जेवणही गेलं आणि वाइनही. तिसरी कासुलेबरोबर घेतली. पांढरी बीन्स, बदक आणि सॉसेज तासन्तास मंद आचेवर शिजवतात, ते इथलं जेवण. तिथे चरबी आणि मांस टॅनिनला, म्हणजे वाइनमधल्या तुरट द्रव्याला, गुंतवून ठेवतात, म्हणून तोंड कोरडं पडत नाही. आपल्या घरच्या पदार्थांपैकी सुक्या खोबऱ्याचा, मिरची आवरलेला रस्सा चालतो, तोही वाइन थोडी जुनी झाल्यावर.

२०२१ मध्ये दोन बाटल्या उघडल्या आणि दोन्ही मुक्या निघाल्या. फळाचा वास गेलेला, नवा वास आलेला नाही, नुसता तुरटपणा. उरलेल्या वाटून टाकाव्यात असं वाटत होतं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी अडवलं. "मादाम, तुम्ही त्यांना विसरून जा," म्हणाले. मी विसरले नाही, पण वर्षभर हात लावला नाही.

डिसेंबर २०२२ ची बाटली बघून मात्र बसलेच. ग्लासच्या काठाला विटकरी छटा आली होती. वास ताज्या जांभळाकडून सुक्या अंजिराकडे गेलेला, मागे थोडा ज्येष्ठमध, थोडी ओली माती. टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे रेणू काळाबरोबर एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काही तळाशी बसतात. बाटलीच्या पोटात जो काळसर गाळ दिसतो तो हाच, त्याला घाबरू नका. ओतताना मानेपाशी गाळ आला की थांबायचं, एवढंच. पुढच्या वर्षभरात अशीच आणखी एक बाटली निघाली, आणि या पेटीचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

एक बाटली बुचाने खाल्ली. ओल्या पुठ्ठ्याचा वास, चव सपाट. हा दोष बुचातून येतो आणि त्यावर घरी इलाज नाही. पावती हरवली होती, दुकानाने हात वर केले.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक खोली आहे, इथे तिला काव्ह म्हणतात. तिथल्या फळीवर नऊच बाटल्या आडव्या मावल्या, म्हणून तीन फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्या. दोन लगेच प्यायलो, तिसरी कुकरच्या खोक्यामागे राहून गेली. ऑगस्ट २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत तुलूझमध्ये पारा ४० च्या वर गेला आणि आम्ही तेव्हा सुट्टीवर. परत आल्यावर बघते तर बूच थोडं वर सरकलेलं आणि मानेवर चिकट लाल ओघळ. मुद्दाम त्याच संध्याकाळी तळघरातली एक आणली आणि दोन्ही शेजारी ओतल्या. तळघरातलीत अजून जीव होता, काठ लाल, शेवटाला आंबटसर ताजेपणा. फ्रिजवरची तपकिरी, वास उकळलेल्या मुरंब्याचा आणि घोट गिळला की मागे काहीच नाही. पेटी तीच, बाटलीत भरल्याचा दिवसही तोच असणार. फ्रिजवरची जागा इडलीचं पीठ फुगवायला उत्तम आहे, वाइनला नाही. माझ्या तळघरात थर्मामीटर हिवाळ्यात १२ आणि उन्हाळ्यात १८ दाखवतो. एवढ्या थंड कोपऱ्याचं सुख नसेल तर ही वाइन साठवायच्या भानगडीत पडू नका, आणून पिऊन टाका.

२०२४ च्या दोन्ही बाटल्या उतरणीला लागल्या होत्या. वाईट नव्हत्या, पण फळ विरळ झालं होतं आणि आंबटपणा उघडा पडला होता. म्हणजे माझ्या अंदाजाने या भावातली काओर द्राक्षाच्या सालापासून चार-पाच वर्षांची असताना सगळ्यात छान लागते. दहा वर्षं थांबण्याइतका माल आत नसतो. त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून मळ्यातली वरची बाटली घ्यावी लागते. पुन्हा घेईन, पण बारा नाही, सहाच.

शेवटच्या बाटलीला आजोबांना बोलावलं होतं. तळाची दोन बोटं गाळवट वाइन मी सिंकमध्ये ओतणार, तेवढ्यात त्यांनी बाटली काढून घेतली, आपल्या वाडग्यात उरलेल्या सुपात ती ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. याला इकडे शाब्रो म्हणतात. मग मिशा पुसून विचारलं, पुढची पेटी कधी आणताय?