आलेख सरकवायचा की बिंदू मोजायचे?

समोर य = –३√(२क्ष + ६) + १ आहे आणि आलेख काढायचाय. अकरावीत इथे दोन वाटा फुटतात. ओळखीचा √क्ष चा आलेख उचलून दाबायचा, ताणायचा, सरकवायचा. नाहीतर त्यावरचे दोन-चार सोयीचे बिंदू धरून प्रत्येक कुठे जाऊन बसतो ते काढायचं.

पहिल्या वाटेने चित्र डोळ्यांसमोर हलतं, ही तिची खरी गंमत. अडचण क्रमाची. फंक्शनच्या, म्हणजे इथे वर्गमुळाच्या, बाहेरचं सरळ आहे: आधी –३ ने गुणायचं, मग १ मिळवायचा. आलेख उभा तिप्पट ताणला जातो, उलटा होतो आणि १ ने वर जातो. आतलं सगळं उफराटं. २ ने गुणलं की आलेख आडवा निम्म्यावर येतो, +६ असलं की डावीकडे सरकतो. मुलं आधी दाबतात आणि मग ६ ने सरकवतात, तिथेच फसतात. आलेख –६ पासून सुरू झालेला दिसतो, पण २क्ष + ६ शून्य होतं ते –३ ला! एकतर आधी ६ ने सरकवून मग दाबा, नाहीतर २ सामाईक काढून २(क्ष + ३) करा, दाबा आणि ३ नेच सरकवा. मला सामाईक काढणं बरं वाटतं. किती सरकायचं ते तिथे लिहिलेलंच असतं.

दुसऱ्या वाटेवर क्रमाची कटकटच नाही. √क्ष वरचे (०, ०), (१, १), (४, २) घ्या. २क्ष + ६ ची किंमत ०, १, ४ ठेवली की क्ष येतो –३, –२.५, –१. जुन्या य ला –३ ने गुणून १ मिळवला की १, –२, –५. तीन ठिपके जोडा, झालं. साइन(२क्ष + ६०°) ला तर मी हीच वाट सांगेन. ६० दिसले म्हणून ६० ने सरकवणारे खूप, खरं सरकणं ३०° चं. ०°, ९०°, १८०°, २७०°, ३६०° हे पाच बिंदू –३०°, १५°, ६०°, १०५°, १५०° वर जातात आणि अख्खी लाट हाती येते.

वर्गफलाला, म्हणजे क्ष² असलेल्या फंक्शनला, दोन्हींची फारशी गरज नाही. पूर्ण वर्ग करून शिरोबिंदू काढा; (२क्ष)² म्हणजे ४क्ष², त्यामुळे आडवं दाबणं आणि उभं चौपट ताणणं तिथे एकच.

परीक्षेत आलेख नुसता ओळखायचा असेल, तर सरकवणं झटपट होतं. वहीत नीट काढायचा असेल, तर बिंदू. मात्र क्ष² – ४|क्ष| + ३ सारखं काही आलं की बिंदूंच्या भरवशावर राहू नका. क्ष² – ४क्ष + ३ वरच्या (–१, ८) चं काय करणार? |क्ष| = –१ होतच नाही, आणि (१, ०) ला मात्र दोन जागा मिळतात. इथे चित्रच बरं: य-अक्षाच्या डावीकडचं पुसायचं आणि उजवीकडचं आरशात बघितल्यासारखं तिकडे काढायचं.