लॉतमधे पळायला जाताय? तिथल्या वाटांचा रिव्ह्यू

फ्रान्समधे राहणारे आपले बरेच रनर लोक वर्षभर कॅनॉलच्या कडेच्या सपाट वाटेवर पळतात आणि सुट्टी मिळाली की थेट आल्प्स नाहीतर पिरेनीज गाठतात, मधला एवढा मोठा ग्रामीण भाग कोणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून हे लिहितेय. नैऋत्येला लॉत नावाचं डिपार्टमेंट (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, जुना केर्सी प्रांत, तूलूझहून ट्रेनने तिथलं मुख्य शहर काओर सव्वा तासाच्या आसपास. डोंगर उंच नाहीत पण चुनखडीची पठारं, त्यात खोल कापलेल्या नद्यांच्या दऱ्या आणि सगळीकडे पायवाटा. ट्रेल रनिंगमधे, म्हणजे पायवाटांवरून पळण्यात, पाय बसवायचा असेल तर ह्याहून चांगली जागा मला तरी दिसलेली नाही.

आधी खुणांबद्दल, कारण माझ्या मते इथली खरी सर्व्हिस तीच आहे. लांब पल्ल्याच्या वाटांना जीआर म्हणतात, त्यांचे पांढरा-लाल असे दोन आडवे पट्टे, एखाद्या भागाला वळसा घालणाऱ्या जीआरपीचे पिवळा-लाल, आणि गावातून निघून गावात परत येणाऱ्या छोट्या पीआर लूपचा एकच पिवळा पट्टा. चुकीच्या फाट्यावर फुली असते. हे पट्टे झाडावर, खांबावर, दगडावर रंगवणारे बहुतेक सगळे व्हॉलंटियर, आणि हे काम १९४७ पासून चालू आहे, वापरणाऱ्याला एक युरो पडत नाही. फक्त लक्षात ठेवा की खुणा चालणाऱ्याच्या वेगाने लावलेल्या आहेत. उतारावर जोरात सुटलात की नजर पायाखालच्या दगडांवर असते आणि वळणाचा बाण मागे राहून जातो, त्यामुळे फाटा दिसला की वेग कमी करायचा, मान वर करायची, पट्टा बघायचा, मगच पुढे. फोनवर आयजीएनचा (फ्रान्सची सरकारी नकाशा संस्था) १:२५,००० वाला नकाशा डाउनलोड करून ठेवाच, दरीत उतरलं की नेटवर्कचा भरवसा नाही.

आता रूट. सगळ्यात फेमस म्हणजे बूझिएस ते सँ-सिर्क-लापोपी, लॉत नदीच्या काठाने, चारेक किलोमीटरचा तुकडा, जीआर ३६ चा भाग. पूर्वी ह्या नदीतून मालाच्या होड्या चालायच्या आणि प्रवाहाविरुद्ध त्या काठावरून दोराने ओढत न्यायला लागायच्या, पण इथे कडा सरळ पाण्यात उतरतो, काठच नाही, मग १८४० च्या दशकात कड्यालाच कोरून वाट काढली. पळताना एका बाजूला पाणी आणि डोक्यावर दगडाचं छत, एके ठिकाणी भिंतीवर मासे-शिंपल्यांचं कोरीवकामही आहे, ते अलीकडचं, १९८० च्या दशकातलं. सपाट आहे, नवशिक्यांना चालेल. नंतर गावाकडे जो चढ लागतो तो मात्र चांगला दम काढतो, गाव नदीच्या जवळजवळ शंभर मीटर वर बसलंय. पण स्पष्टच सांगते, जुलै-ऑगस्टमधे सकाळी दहानंतर इथे पळायला जाऊच नका. २०१२ मधे हे फ्रेंच लोकांचं सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडलं गेलं आणि तेव्हापासून गर्दी विचारू नका, कोरलेल्या वाटेवर दोन माणसं बाजूबाजूने आली तरी थांबायला लागतं. सकाळी सातला निघा, तीच वाट पूर्ण वेगळी वाटते. नदीला पूर असेल तर आधी चौकशी करा, वाट अगदी पाण्यालगत आहे.

माझी आवडती दरी मात्र शेजारची, सेले नदीची. जीआर ६५१ ह्या दरीतून जातो, फिजाकच्या बाजूने सुरू होऊन बूझिएसजवळ संपतो, पन्नासेक किलोमीटर, एका दिवसात करायची घाई कशाला, दोन किंवा तीन भाग करा. नकाशावर बघून वाटतं की नदीकाठाने आरामात पळत जाऊ, आणि तिथे गेल्यावर कळतं की वाट सारखी कड्यावर चढते आणि परत गावात उतरते, परत चढते, परत उतरते, एकूण चढाई बघितली तर मांड्या भरून येतील एवढी होते. पण प्रत्येक चढानंतर वरून नदीचं वळण दिसतं, आणि प्रत्येक उतारानंतर एक गाव, एस्पान्याक, मार्सियाक, सोलियाक, काब्रेरे. मार्सियाकला पडक्या मठाच्या भिंती आहेत, तिथे बसून पाणी प्यायला छान सावली मिळते. काब्रेरेला पेश मेर्लची गुहा, १९२२ मधे तिथल्याच पोरांनी शोधलेली, आत भिंतीवर रंगवलेले ठिपक्यांचे घोडे आहेत, साधारण २९,००० वर्षांपूर्वीचे. रोज मोजक्याच लोकांना सोडतात म्हणून बुकिंग आधी करा, आणि आत १२-१३ डिग्री असते तेव्हा घामाने ओला टीशर्ट घालून जाऊ नका, बॅगेत एक कोरडा लांब बाह्यांचा ठेवा. पळून आल्यावर ते घोडे बघणं हे मला तरी कुठल्याही फिनिशर मेडलपेक्षा मोठं वाटतं.

तिसरा, ग्रामा ते रोकामादूर, आल्झू नदीच्या घळीतून. दहा-अकरा किलोमीटर. ग्रामाला ट्रेन थांबते आणि रोकामादूरलाही स्टेशन आहे (गावापासून चारेक किलोमीटर लांब, ते अंतर आधीच धरून चला), म्हणजे गाडी नसली तरी जमतं. उन्हाळ्यात इथे नदी बघायला गेलात तर नुसते कोरडे गोटे दिसतील, पाणी सगळं जमिनीखाली गेलेलं असतं. घळीत जुन्या पाणचक्क्यांचे अवशेष आहेत, मूलँ द्यु सो ही त्यातली सगळ्यात भारी, झाडीत बुडालेल्या उंच भिंती. हा रूट टेक्निकल आहे. शेवाळलेले दगड, मुळं, अरुंद वाट, आणि पावसानंतर ती चुनखडी साबणासारखी होते, तेव्हा चालतच जा. शेवटी रोकामादूर हे तीर्थक्षेत्र समोर कड्याला चिकटलेलं दिसतं आणि मग २१६ पायऱ्यांचा मोठा जिना. यात्रेकरू तो गुडघ्यांवर चढायचे. तिथे स्प्रिंट मारायचा मोह होतो पण पायऱ्यांवर भाविक असतात, शांतपणे चढा.

जीआर ६५ म्हणजे स्पेनमधल्या सान्तियागोला जाणारी यात्रेची वाट, काजार्कवरून काओरकडे. लांब आणि संथ रनसाठी बेस्ट, पठारावर बराचसा सपाट भाग, दोन्ही बाजूला रचीव दगडांचे गडगे, ठेंगणे ओक, मधेच मेंढपाळांच्या गोल दगडी खोप्या. डोळ्यांभोवती काळं वर्तुळ असलेल्या इथल्या मेंढ्या गॉगल लावल्यासारख्या दिसतात. पाठीवर ओझं घेतलेले यात्रेकरू भेटतात, मागून येताना लांबूनच बोंझूर म्हणा, दचकतात बिचारे. काओरमधे ही वाट चौदाव्या शतकातल्या व्हालांत्रे पुलावरून जाते आणि पूल संपला की एकदम उभा चढ. काओरमधे मुक्काम असेल तर संध्याकाळी हिल रिपीटला (एकच चढ परत परत पळायला) तोच चढ वापरा.

पाण्याबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. पठारावर ओढे नाहीत, पाऊस पडला की चुनखडीच्या भेगांतून पाणी खाली मुरतं, आणि गावं लांब लांब. उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर जातो आणि ते ओक एवढे बुटके की सावली जेमतेम. दीड लिटर तरी पाठीवर पाहिजे. बऱ्याच गावांच्या स्मशानात नळ असतो, फ्रेंच ट्रेकर लोक तिथेच बाटल्या भरतात, फक्त पिण्याजोगं नाही अशी पाटी नाहीये ना ते बघा. जुन्या धुण्याच्या हौदातलं पाणी डोक्यावर घ्यायला चालेल, पिऊ नका. जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. वसंतात गवतातून पळून आल्यावर पाय तपासा, गोचिडी असतात.

सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर शिकारीचा सीझन. हे हलक्यात घेऊ नका. रानडुकरांसाठी हाका घालतात तेव्हा रस्त्याच्या कडेला शिकार चालू असल्याची पाटी लावतात, ती दिसली की तो रूट सोडा, दुसरीकडे जा, आणि ह्या महिन्यांत कायम भडक केशरी जॅकेट. मी बहुतेक वेळा एकटीच पळते, माणसांची भीती मला इथे कधी वाटली नाही, पण करडा टीशर्ट घालून हिवाळ्यात झाडीत शिरणं हा शुद्ध वेडेपणा.

खाण्याचं थोडक्यात. दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर खूपच, म्हणून पाव आदल्या दिवशीच घ्या. मेनूत जिकडेतिकडे बदक. आपल्यासारख्या शाकाहारी लोकांनी रोकामादूर चीझचं सलाड मागवा, बकरीच्या दुधाची छोटी पस्तीस ग्रॅमची चकती, गरम करून, वर अक्रोड. वीस किलोमीटरनंतर ते जे लागतं ना.

रेटिंग द्यायचंच तर सेलेची दरी पाचपैकी पाच, आल्झू साडेचार, जीआर ६५ चार, आणि नदीकाठची कोरलेली वाट पहाटे गेलात तर पाचपैकी पाच, दुपारी गेलात तर फक्त दोन. गाडी नसेल तर लॉतच्या दरीतून काओर-फिजाक धावणारी लिओ ह्या प्रादेशिक सेवेची बस आहे, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या, म्हणून आधी परतीच्या बसची वेळ बघा आणि मग किती किलोमीटर पळायचं ते ठरवा.