बॅक्टेरियोस्टॅटिक पाणी, ३० मिलीची बाटली: काम चोख, पण सगळ्याच प्रथिनं-पेप्टाइडना मानवत नाही

इंजेक्शनची पावडर विरघळवायला मिळणारं हे पाणी म्हणजे निर्जंतुक पाण्यात ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल, मिलीलिटरमागे ९ मिलिग्रॅम. फायदा एकच, पण मोठा: बुचातून सुई पुन्हा पुन्हा घालताना चुकून जंतू आत गेले, तरी ते वाढत नाहीत. सगळे मरतील याची हमी मात्र नाही. म्हणून पहिल्यांदा सुई टोचली ती तारीख बाटलीवर लिहायची आणि २८ दिवसांनी, पाणी उरलेलं असलं तरी, बाटली टाकून द्यायची. एवढ्या कामापुरते पैकीच्या पैकी गुण.

गडबड होते ती औषधाशी गाठ पडल्यावर. यातली बरीच औषधं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या: छोटी असेल तर पेप्टाइड, मोठी असेल तर प्रथिन. प्रथिनाचा रेणू घडी घातलेला असतो. पाण्याशी न जमणारे भाग आत दडलेले असतात. ही घडी अधूनमधून जराशी सैल होते आणि एरवी आपसूक बसते. बेंझिल अल्कोहोल नेमकं सैल रेणूलाच धरतं. मग उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. इंटरफेरॉन गॅमा (प्रतिकारशक्तीचं प्रथिन) आणि जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं प्रथिन) यांच्यावरच्या प्रयोगांत हे दिसलेलं आहे. उष्णतेत हा प्रकार वेगाने होतो, त्यामुळे फ्रिजबाहेर राहिलेली बाटली अधिक धोक्याची.

उलट ल्युप्रोलाइडसारखा (प्रोस्टेट कॅन्सरवरचं एक औषध) नऊ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड. त्याला मोडण्यासारखी पक्की घडीच नसते, आणि त्याच्या रोज टोचायच्या इंजेक्शनमध्ये मिलीलिटरमागे हेच ९ मिलिग्रॅम बेंझिल अल्कोहोल असतं. इन्सुलिनची तऱ्हा आणखी वेगळी: तिथे फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह (बेंझिल अल्कोहोलसारखंच जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य) इन्सुलिनच्या सहा रेणूंच्या जुडग्यातल्या खाचांत बसतं आणि जुडगं घट्ट धरून ठेवतं. तिथे प्रिझर्व्हेटिव्ह काढलं, तर औषधाचाच टिकाऊपणा कमी होतो. ‘प्रिझर्व्हेटिव्ह वाईट’ असं सरसकट म्हणणं म्हणूनच चूक आहे.

वापरताना बूच स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. औषधासोबतच्या माहितीपत्रकात दिलंय तेवढंच पाणी घ्या. धार पावडरीवर न मारता काचेच्या कडेने हळूहळू सोडा, मग बाटली तळहातात फिरवा. हलवू नका, फेसात हवा-पाण्याच्या सीमेवर प्रथिनाची घडी उलगडते, आणि बेंझिल अल्कोहोल तयारच असतं. विरघळल्यावर बाटली आधी काळ्या, मग पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून तिरपी करा. धुरासारखे तंतू, दुधाळ झाक किंवा तरंगते कण दिसले तर ते औषध वापरू नका. गाळून घेणं हा उपाय नाही: गुठळ्या अडकतात, म्हणजे मात्राही घटते, आणि बारीक गुठळ्या तरीही पार होतात. द्रावण स्वच्छ दिसलं म्हणजे सगळं ठीक असंही नाही, सुरुवातीच्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

नवजात बाळांसाठी हे पाणी अजिबात नाही. त्यांच्या शरीराला बेंझिल अल्कोहोल नीट निकामी करता येत नाही. १९८२ मध्ये यातून झालेले मृत्यू नोंदले गेले. नुसतं हे पाणी शिरेत देणंही धोक्याचं, कारण त्यात क्षार नसल्याने तांबड्या पेशी फुटतात.

औषधाच्या पत्रकात याच पाण्याचं नाव असेल तर निःशंक घ्या. ट्रास्टुझुमॅब या कॅन्सरवरच्या औषधाच्या बहुमात्रा (अनेक डोस काढायच्या) बाटलीसोबत तर १.१ टक्क्यांचं असं पाणी दिलं जातं आणि फ्रिजमध्ये ते द्रावण २८ दिवस चालतं. तेच साध्या निर्जंतुक पाण्यात केलं, तर लगेच वापरून उरलेलं टाकावं लागतं. पत्रकात फक्त ‘निर्जंतुक पाणी’ लिहिलं असेल, तर बदली म्हणून ही बाटली घेऊ नका, फार्मासिस्टला विचारा.